इंजिनियरने दाखवलेली जागा

पुणे, ४ जुलै १९७१

ती. दाजी,

गहिनीनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वसतिगृहात खोली मिळाली. खोलीत आम्ही तिघे. बाकीचे दोघे इंग्रजी शाळांतून आलेले, पण स्वभावाने बरे आहेत. केशरताईने बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी त्यांनी दोन जेवणांत फस्त केली.

अभ्यासाचं मात्र काही खरं नाही. इंटरपर्यंत नगरला कसंबसं निभावलं. इथे प्रोफेसर फळ्याकडे तोंड करून इंग्रजीत बोलत राहतात आणि मधेच मागे वळून "अंडरस्टुड?" म्हणतात. सगळा वर्ग "येस सर" म्हणतो. मीही म्हणतो. ड्रॉइंगच्या तासाला एका लोखंडी ठोकळ्याचं चित्र देतात आणि तो वरून, समोरून, बाजूने कसा दिसेल ते काढा म्हणतात. दाजी, मला तो कुठूनच दिसत नाही.

घरी हे लिहिलेलं नाही. आबांनी मी पुण्याला निघालो त्या दिवशीच गावात पेढे वाटले. एस.टी. सुटताना लोक "इंजिनियरसाहेब, नीट जा" म्हणत होते. आता त्यांना काय कळवू? आपल्या दोन्ही घरांत इंजिनियर झालेले तुम्हीच एकटे. मी काय करावं ते सविस्तर लिहा.

आपला,
गहिनीनाथ

*

नगर, ११ जुलै १९७१

चि. गहिनीनाथ,

माझ्याकडून आशीर्वाद आणि तुझ्या ताईकडून एक धपाटा, कारण पत्रात तिची आठवण चटणीपुरतीच काढलीस.

मेहुणे, घाबरू नका. ठोकळा दिसत नाही ना? मेसमधून एक मोठा बटाटा घे. आचाऱ्याला विचारून घे, नाहीतर चोरीचा आळ घेऊन घरी येशील. सुरीने त्याचा तसाच ठोकळा काप, खाचेसकट. टेबलावर ठेवून एक डोळा मीट आणि वरून बघ. मग खाली वाकून समोरून बघ. जे दिसतं तेवढंच काढ. जे असेल असं वाटतं ते काढू नकोस. काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट उतरवून घ्यायची चाल तिथे असेलच, तिच्या नादी लागू नकोस. त्याने शीट सुंदर होते आणि पोरगा कोराच राहतो.

वर्कशॉपात कानस दोन्ही हातांनी सपाट धर. सुरुवातीला सगळ्यांचाच लोखंडाचा तुकडा मधे फुगतो. फुगला तर फुगला, पण आपलाच दे, दुसऱ्याकडून घासून घेतलेला नको. इंग्रजीचं म्हणशील तर वाचलेला धडा खोलीत बसून मराठीत मोठ्याने सांगून बघ, समोर ताई बसली आहे असं समजून. तिला कळेल असं सांगता आलं तर तुला कळलंय. नाहीतर नाही.

आणि ते "येस सर". भर वर्गात उभं राहायची लाज वाटत असेल तर तूर्त मान डोलाव, काही बिघडत नाही. संध्याकाळी खोलीतल्या त्या दोघांकडून समजावून घे. चटणी खाल्ली आहे, एवढं तर करतील. हळूहळू भीड चेपेल.

माझी ड्रॉइंगची टी-पट्टी माळ्यावर पडून आहे, ती येत्या-जात्याबरोबर पाठवतो. आमच्या नागापूरच्या कारखान्यात पंपांचं काम जोरात आहे, त्यामुळे रविवारीही सुट्टी नाही. तब्येत सांभाळ.

तुझा,
श्रीमंत

*

पुणे, ५ सप्टेंबर १९७१

ती. दाजी,

सा. नमस्कार. टी-पट्टी मिळाली. बटाट्याने काम केलं. आता मेसचा आचारीच मला विचारतो, आज कुठला आकार कापायचा? ठोकळा वरून आणि समोरून दिसतो, बाजूने अजून रुसलेला आहे. मान डोलावतो आणि संध्याकाळी विचारून घेतो. कधी विचारायचं राहून जातं.

गणपतीच्या सुट्टीत तिसगावला जाऊन आलो. पाऊस नाही. बाजरी गुडघ्याच्या वर गेली नाही. मच्छिंद्रदादा त्याच्या वाटणीच्या शेतात विहीर खणायचं म्हणतो आहे. दरवर्षी दादा आणि लंकावहिनी ऊसतोडीला जातात, रंगूलाही बरोबर न्यावं लागतं, त्यामुळे ती पोर सात वर्षांची झाली तरी शाळेत बसलेली नाही. यंदा विहिरीला पाणी लागलं तर जायचं नाही असं वहिनीच्या मनात आहे. बाकी सगळे ठीक.

आपला,
गहिनीनाथ

*

नगर, १४ सप्टेंबर १९७१

चि. गहिनीनाथ,

वा रे पठ्ठ्या! एवढी मोठी गोष्ट केलीस आणि पत्रात "बाकी सगळे ठीक"?

घोडेगावच्या बाजारात बैल बघून तुझे वडील आमच्याकडे मुक्कामाला आले होते. चहा खाली ठेवायच्या आत त्यांनी बातमी सांगितली. "आमच्या गहिनीनं मच्छिंद्राला हिरीची जागा दावली. पानाड्या नारळ हातावर घिऊन घिरट्या घालतो. ह्यो नुस्ता चालत गेला आन एका जाग्याला थांबला. बोलला सुदीक न्हाई!" सांगताना म्हाताऱ्याची छाती अशी फुगली होती की बंडीच्या गुंड्या तुटतील असं वाटलं.

मी मनात ओळखलं. कॉलेजात सिव्हिलच्या मुलांना जमीन आणि खडक शिकवणारे कोणी सर असतील, त्यांना गाठून, विचारून तू गेला असणार. शाबास. शिक्षण असंच वापरायचं असतं. मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं की आमचा मेहुणा पहिल्याच वर्षात गावाच्या उपयोगी पडला. ताईला दोन ओळी लिहायच्या आहेत, तिला जागा ठेवतो.

तुझा,
श्रीमंत

गहिनी, मी केशर. आबा सांगत हुते, इर्जिकीला, बिनमजुरीचा हात लावाया, समदी वस्ती आली, ज्याला त्याला वाटतं आपल्या हाताची एक तरी पाटी माती त्या हिरीतून निघावी. लंकीनं समद्यास्नी भाकरी-आमटी घातली. लई हरकलीया ती. रंगूला पाटी-पेन्शील बी आनली. म्हनती, भाऊजींनी माझ्या हातातला कोयता सोडिवला. तुजं लई नाव घेती. जेवत जा टायमावर.

*

पुणे, २० सप्टेंबर १९७१

ती. दाजी,

सा. नमस्कार. पत्र पोचलं. चाचणी परीक्षा जवळ आल्याने जास्त लिहीत नाही. विहिरीचं एवढं काही नाही, उगीच कारखान्यात सांगितलंत. माझी तब्येत बरी आहे. ताईस नमस्कार.

गहिनीनाथ

*

नगर, १ ऑक्टोबर १९७१

चि. गहिनीनाथ,

आशीर्वाद. दसऱ्याचं सोनं द्यायला मच्छिंद्र काल आमच्याकडे आला होता. सोनं देणं हे निमित्त. माणूस काळजीत होता. मुरूम संपून खाली काळा खडक लागलाय, आणि त्यात ओलीचा पत्ता नाही. ऊसतोडीचा मुकादम दारात येऊन बसला आहे, त्याला नवराबायकोची जोडी आजच पक्की करून हवी. टोळी दिवाळी झाली की निघणार.

मला म्हणाला, "श्रीमंतराव, तुमी शिकल्यालं मानूस. गहिनीनं दावलंया तर पानी लागंल न्हवं?"

मी म्हटलं, गहिनीने दाखवलंय ना, मग खण.

तो तसाच उठला. आज सकाळी निरोप आला की त्याने मुकादमाला नाही म्हणून सांगितलं.

तो गेल्यावर मात्र माझं कामात लक्ष लागेना. तुझं ते चार ओळींचं पत्र काढून पुन्हा वाचलं. ज्याने खरोखर काही केलेलं असतं तो असं पत्र लिहीत नाही, निदान तू तरी नाही. तुला बटाटा कापता आला तर पानभर लिहितोस. मला सरळ सांग, कोणत्या सरांना विचारलंस? त्यांनी काय बघायला सांगितलं होतं? तू त्या जागी कशावरून थांबलास?

उलट टपाली लिही.

श्रीमंत

*

पुणे, ५ ऑक्टोबर १९७१

ती. दाजी,

कोणत्याही सरांना विचारलं नव्हतं. कॉलेजात जाऊन मला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते आणि विहिरीचं तिथे कोणी नावही काढलेलं नाही.

झालं ते असं. गणपतीत घरी गेलो तर दादा म्हणाला, "घरात इंजिनियर आस्ताना पानाड्या कशापाई बलवायचा?" मी म्हटलं, अरे मी अजून शिकतोय. सगळ्यांना तो माझा विनय वाटला. दुसऱ्या दिवशी दादा पहार घेऊन, वहिनी पूजेचं ताट घेऊन, मागे अख्खी वस्ती, आणि सगळ्यांच्या पुढे मी. काय करायचं सुचेना म्हणून नुसता चालत राहिलो. ठरवलं होतं की पलीकडच्या बांधापर्यंत जायचं आणि वळून सांगायचं, मला यातलं कळत नाही.

बांधापर्यंत पोचलोच नाही. बाभळीचा काटा झिजलेल्या चपलेतून आरपार टाचेत शिरला. मी थांबलो, एका पायावर उभा राहिलो. दादाने विचारलं, "हितं?" काटा निघत नव्हता, कळ डोक्यात गेली होती. मी मान हलवली. ती थांब म्हणून हलवली की हो म्हणून, मला आजही सांगता येत नाही. दादाने तिथेच पहार रोवली. वहिनीने नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

तेव्हा बोलता आलं असतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आबा तर हसतच होते. वर्गात करतो तेच केलं.

मग मनाशी म्हटलं, पाणी कुठेही लागू शकतं, इथेही लागेल, आणि लागलं की कोणी विचारणार नाही. तुमचं शाबासकीचं पत्र आलं तेव्हा लाज वाटली, पण तेव्हाही लिहिलं नाही. आता दादाने मुकादमालाही परत पाठवलं. दाजी, मी कॉलेज सोडून घरी जातो आणि दादाबरोबर खणायला लागतो. माझ्या हातून दुसरं काही होणार नाही.

गहिनीनाथ

*

नगर, ८ ऑक्टोबर १९७१

चि. गहिनीनाथ,

खोटं कशाला बोलू, काट्याचं वाचून आधी हसू फुटलं. केशरने का हसताय विचारलं, तिला वाचून दाखवलं. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "लंकीनं पोरीला पाटी घेतलीया वो." मग माझंही हसू जिरलं.

तुझा राग आलाय, आणि तुझी कीवही येते. सगळं गाव मागे उभं असताना मला येत नाही असं म्हणणं सोपं नसतं, हे मला समजतं. पण समजून विहिरीला पाणी लागत नाही.

आता माझं. तूर्त मान डोलाव असं मीच तुला लिहिलं होतं. तो सल्ला चुकीचा होता, तो मी मागे घेतो. आणि मच्छिंद्र दारात येऊन विचारत होता तेव्हा जागा न बघता, तुला न विचारता, मीही "खण" म्हणून मोकळा झालो. पदवी माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही, म्हणजे माझी चूक तुझ्यापेक्षा मोठी.

गहिनी, उद्या तू शिकून बाहेर पडशील आणि नुसती मान हलवशील. तेवढ्यावर लोक पाया खणतील, पूल बांधतील, यंत्र चालू करतील. कॉलेजात खोटं हो म्हटलंस तर तुझे मार्क जातात, बाहेर म्हटलंस तर दुसऱ्याचं वर्ष जातं. म्हणून ही खोड आत्ता, पहिल्या वर्षात मोडायची. भर वर्गात मोडायची, पोरं हसली तरी मोडायची. बटाटे आणि कानस सगळं त्याच्यानंतर.

कॉलेज सोडायचं नाव काढू नकोस. खड्ड्यात आणखी एक अडाणी उतरून मच्छिंद्राचं काय भलं होणार?

दिवाळीची सुट्टी लागली की तडक तिसगावला जा. टोळी निघायच्या आत सांग म्हणजे त्याला जायचं की राहायचं ते ठरवता येईल. पत्राने कळवू नकोस, तोंडाने सांग. आधी "मला माहीत नव्हतं" म्हण, कारणं मागून. काट्याची गोष्ट लोक हसतील अशा तऱ्हेने रंगवू नकोस. आणि घाबरून तिथे पाणी लागणारच नाही असंही म्हणून बसू नकोस, कारण तेही तुला माहीत नाही.

माझ्या चुकीबद्दल मच्छिंद्राला मी वेगळं लिहितो. पण ते पत्र दिवाळीत केशर भाऊबीजेला येईल तेव्हा तिच्याबरोबर देतो. आधी तू बोल. आणि हो, चपला नव्या घे.

तुझा,
श्रीमंत

*

तिसगाव, २४ ऑक्टोबर १९७१

ती. दाजी,

सा. नमस्कार. ताई काल नगरला परतली, तिने थोडंफार सांगितलं असेल. तरी काय झालं ते माझ्या शब्दांत लिहितो.

एस.टी.तून उतरलो तो घरी न जाता शेतातच गेलो. दादा आणि वस्तीवरचे दोघे खड्ड्यात खडक फोडत होते. वर उभं राहून बोलायला बरं वाटेना म्हणून खाली उतरलो. दादाला वाटलं मी हात लावायला आलोय, त्याने पहार पुढे केली. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी मला काही माहीत नव्हतं. पायात काटा मोडला म्हणून थांबलो होतो. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हटलं नाही."

दादाने घाम पुसला. म्हणाला, "म्हंजी हितं पानी न्हाई?"

"तेही मला माहीत नाही."

"मंग तुला ठाव काय हाय?"

"काही नाही, दादा."

बरोबरचे दोघे माझ्याकडे न बघता खडकाकडे बघत राहिले. वर काठावर वहिनी भाकरी घेऊन आलेली होती. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, "भाऊजी, मंग त्या दिशी तोंडात काय हुतं?"

दाजी, खोबरं होतं.

दादाने पहार पुन्हा खडकात घातली. दिवस मावळेपर्यंत तसाच खणत राहिला, मग अंगावर सदरा चढवून मुकादमाकडे गेला. मुकादमाची टोळी भरलेली होती. त्याने चार माणसांत दादाची चेष्टा केली, "का रं, इंजिनियरचं पानी आटलं व्हय?" एक जोडी ऐन वेळी गळाली म्हणून शेवटी घेतलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ट्रक आला.

मी वहिनीला म्हटलं, रंगूला आमच्या घरी ठेवा, आई सांभाळेल, शाळेत घालू. वहिनी बिऱ्हाड बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या सांगन्यावर एकडाव थांबले. आता पोर बी ठिवू?" रंगू नवी पाटी छातीशी धरून ट्रकात चढली. तिला वाटत होतं शाळा तिकडेच असते.

तुमचं पत्र ताईने दादाला दिलं. त्याने ते तिच्याकडूनच वाचून घेतलं आणि खिशात ठेवलं. आबा माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना मी चुकलो त्यापेक्षा लोकांसमोर कबूल केलं ह्याचं वाईट वाटतंय. सांगितल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

गहिनीनाथ

*

नगर, ३१ ऑक्टोबर १९७१

चि. गहिनीनाथ,

आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. तुझी पाठ थोपटायला हात उचलत नाही, पण तुझ्या शेजारी येऊन बसावंसं वाटलं. लंकाबाईने पोर ठेवली नाही यात तिचं काही चुकलं नाही. तुझा शब्द तिने एकदा घेतला होता.

हलकं वाटायची वाट बघू नकोस. ते आपोआप होईल तेव्हा होईल. तू पुण्याला जा आणि आधी करायला हवं होतं ते आता कर. जमीन-खडक शिकवणारे सर शोध, त्यांना विचार. उत्तर काय मिळेल ते दादाला कळव. तो उलट लिहील याची आशा न धरता कळव. टोळीचा पत्ता मुकादमाच्या घरून मिळवलाय, खाली देतोय. आबांची समजूत मी काढतो, सासरे माझेही आहेत.

तुझा,
श्रीमंत

*

पुणे, १२ डिसेंबर १९७१

ती. दादा,

गहिनीनाथचा तुला आणि वहिनीला नमस्कार. लढाईमुळे इथे संध्याकाळी दिवे मालवतात, म्हणून उजेड आहे तोवर लिहून घेतो.

माफ कर असं लिहिण्यासाठी हे पत्र नाही. ते मी खड्ड्यातच म्हणायला हवं होतं, तेव्हा सुचलं नाही. एक काम केलं तेवढं कळवतो. आमच्या इथे सिव्हिलच्या मुलांना खडकांबद्दल शिकवणारे एक सर आहेत. मी त्यांच्या वर्गातला नाही, तरी त्यांच्या खोलीत गेलो. आपल्या शेताचा उतार, ओढा, जुन्या विहिरी कुठे आहेत, सगळं कागदावर काढून नेलं होतं. वाटलं, ते एका जागेवर बोट ठेवतील.

ते म्हणाले, इथे बसून मला सांगता येणार नाही. खड्ड्यातले दगड आण, किती खाली कुठला लागला ते लिहून आण. उन्हाळ्यात मी तिकडे येऊन बघेन. बघितल्यावरही छातीठोक सांगेन असं नाही, पण कुठे खणू नये एवढं तरी बहुतेक सांगता येईल.

दादा, एवढा शिकलेला माणूस, किती सहज म्हणाला सांगता येणार नाही म्हणून. त्याचं त्यात काहीच कमी झालं नाही.

परवा वर्गात मीही उभा राहिलो. सरांनी "अंडरस्टुड?" विचारलं, मी "नो सर" म्हटलं. पोरं हसली. सरांनी पुन्हा शिकवलं, आणि तास संपल्यावर हसणाऱ्यांतलेच दोघे माझी वही मागायला आले. हे तुला सांगून तुझं काही भरून निघत नाही, मला कळतं. नाताळच्या सुट्टीत घरी जाऊन खड्ड्यातले दगड आणणार आहे. तुझी परवानगी नसेल तर कळव, हात लावणार नाही.

रंगू कशी आहे?

तुझा,
गहिनी

*

मु. ऊसतोड कामगारांची वस्ती, साखर कारखान्याजवळ
१६ जानेवारी १९७२

गहिनी,

तुझं पत्र पोचलं. मुकादमाच्या कारकुनाला म्होरं बसवून लिहून घेतोय. मी सांगतोय तसं तो उतरून घेतोय, त्यात त्याचं काही न्हाई.

दगडं नेलीस का? न्यायची. इचारतोस काय? खड्डा मी खनला, दगडं बी माजीच, न्हे म्हनतो म्हंजी न्हे.

आमी मागनं आलो म्हून पाचटाची कोपी घालाया जागा लांब मिळाली, पान्यापासनं लई आडबाजूला. उसाची थळं, तोडायची रानं, बी लांबलांब वायली. लंका मोळी उचलताना दोनदा पडली, आता बरी हाय. ती तुझ्यावर आजून रागावलीया. तिचा राग ऱ्हाऊ दी, त्यो तिचा हक हाय. तिची समजूत घालाया मी जानार न्हाई आन तू बी येऊ नगंस.

रंगूचं इचारलंस. हितं कोपीवर शाळा न्हाई. ह्यो जो कारकून लिहितोय, त्यो दिसाआड तिला पाटीवर गिरवाया देतो. तिला तिचं नाव येतं आता. फुडच्या साली गावच्या शाळंत बसंल का न्हाई ते अजून ठाव न्हाई.

मी बी तुझ्यावर लई जळालो हुतो. श्रीमंतरावांचं पत्र आलं, तेवढ्यानं काय इझलं न्हाई. हितं कोयता चालवताना दिसभर त्योच इचार. वाटायचं, ह्यानं त्या दिशी तोंड का उघडलं न्हाई? मग एक दिस आसं झालं. हितला एक मानूस मुकादमाला इचारत हुता, आमचा हिशोब कवा व्हनार? मुकादम म्हनला, व्हईल, सोमवारी व्हईल. मला ठाव हुतं, न्हाई व्हनार. त्याला बी ठाव हुतं. पर म्हनला, व्हईल. तवा माज्या ध्यानात आलं का माजा सबंद जलम आसाच गेला. ज्याला ज्याला इचारलं, त्यानं हो म्हनलं. पानाड्या हो म्हनला, मुकादम हो म्हनला, सायब हो म्हनला, मतं मागाया आलेले हो म्हनले. माज्या म्होरं येऊन, खड्ड्यात उतरून, मला ठाव न्हाई म्हननारा मानूस मी ह्या आधी बघितला नव्हता.

तू उशिरा बोललास. पर ट्रक निघायच्या आत बोललास. आनखी गप बसला आसतास तर आमी हितं बी नसतो आन तितं पानी बी नसतं.

त्या सरास्नी उन्हाळ्यात घिऊन ये. आमी पाडव्यापातूर गावात येतो. ते काय सांगतील ते ऐकू. पर गहिनी, त्यास्नी मी वळखत न्हाई. ते इंग्रजीत बोलनार, मला काय कळनार? खना म्हनले का नगा म्हनले, ते ऐकून खनू का नगू, ह्ये मी तुला इचारनार. लंका बी तेच म्हनती, राग हाय तरी. ठाव नसंल तर न्हाई म्हन. पर इचारनार तुलाच.

मच्छिंद्र